भिंतीवरचे बटण आणि फोनमधले बटण : साताऱ्यातील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातील एका जुन्या पेठेत हे दुमजली घर आहे. खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि हातभर जाड आहेत, तर वरची माडी पुढे कधीतरी विटांत चढवलेली आहे. घरात निवृत्त शिक्षक असलेले आजोबा आणि आजी असे दोघेच राहतात. आजींना गुडघेदुखीमुळे जिना चढणे जड जाते आणि आजोबांना रात्रीतून दोन-तीन वेळा उठावे लागते. मुलगा, सून आणि नात पुण्यात असतात व महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी घरी येतात. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. विजेच्या जोडणीचे तपशील मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणातून शिकण्यासारखे जे आहे ते तिथेच आहे.

एका दिवाळीत मुलाने आई-वडिलांच्या सोयीसाठी बरीच उपकरणे एकदम घेतली. त्यांत रंग बदलणारे वाय-फाय बल्ब होते, स्मार्ट प्लग होते, आवाजावर चालणारा स्पीकर होता आणि दोन कॅमेरे होते. हेतू नि:संशय चांगला होता. आजींना दिवा लावण्यासाठी उठावे लागू नये, पहाटे गिझर आपोआप सुरू व्हावा, पाण्याची मोटर पुण्यातूनही चालू-बंद करता यावी आणि दोघे सुखरूप आहेत हे कॅमेऱ्यात दिसावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. सुट्टीच्या दिवसांत सगळे जोडून झाले आणि मुलगा पुण्याला परतला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत यातील बहुतेक वस्तू कपाटात गेल्या होत्या. मला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले ते त्यानंतर.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली तक्रार बल्बांची होती. स्मार्ट बल्ब फोनवरून चालायचा तर त्याला भिंतीवरच्या बटणातून सतत वीज मिळावी लागते, म्हणजे बटण कायम चालू ठेवावे लागते. आयुष्यभर खोलीबाहेर पडताना दिवा मालवण्याची सवय असलेल्या माणसांकडून हे होणे शक्य नव्हते. आजी बटण बंद करत, बल्ब नेटवर्कवरून नाहीसा होई आणि पुण्यातून मुलाचा फोन येई की, "आई, बटणाला हात लावू नकोस." पुढे त्या बटणांवर चिकटपट्ट्या लावण्यात आल्या. स्वतःच्या घरातल्या बटणाला हात लावायचा नाही, ही गोष्ट आजींच्या मनाला लागली होती, आणि त्यांचे लागणे योग्यच होते. माझ्या पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "बटण दाबलं की दिवा लागावा, एवढंच माझं म्हणणं आहे."

यात रात्रीच्या वीजकपातीची भर पडली. अशा अनेक बल्बांची मूळ मांडणी अशी असते की, वीज जाऊन परत आली की ते पूर्ण उजेडाने लागतात. बटण चालूच ठेवलेले असल्यामुळे मध्यरात्री वीज परतली की झोपण्याच्या खोलीत लख्ख उजेड पडे. ही मांडणी ॲपमध्ये बदलता येते, पण ते कोणी शोधले नव्हते.

राउटर खालच्या दिवाणखान्यात टीव्हीजवळ ठेवलेला होता आणि तो इन्व्हर्टरवर घेतलेला नव्हता. वीज गेली की काही दिवे इन्व्हर्टरवर चालत, राउटर मात्र बंद पडे, आणि तो पुन्हा सुरू होऊन सगळी उपकरणे परत जोडली जाईपर्यंत काही मिनिटे निघून जात. दगडी भिंतींतून माडीवर वाय-फाय जेमतेम पोहोचे. शिवाय या प्रकारची बहुतेक उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यामुळे फोन ५ वर असताना नवे उपकरण जोडण्याचे काम वारंवार अडत असे.

या झाल्या गैरसोयी. उरलेल्या दोन गोष्टी धोक्याच्या होत्या.

पहिली गिझरची. दोन किलोवॉटचा साठवणीचा गिझर १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर लावलेला होता. २३० व्होल्टला दोन किलोवॉट म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, तेव्हा १० च्या प्लगवर तो चालेल, असे कागदावरचे गणित होते. पण असा भार अर्धा-पाऊण तास सलग वाहतो, आणि जुन्या सॉकेटची पकड सैल असली की सांध्यावर उष्णता साठत जाते. प्लग काढून पाहिला तेव्हा त्याच्या एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वाकले होते आणि सॉकेटच्या तोंडाशीही तसाच डाग होता. आजोबांना अधूनमधून "जळका वास" येत होता. तो बाथरूममधून येत असावा असे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

दुसरी मोटरची. नगरपालिकेचे पाणी सकाळी थोडा वेळ येते, ते हौदात साठते आणि एक अश्वशक्तीच्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. ही मोटरसुद्धा स्मार्ट प्लगवर होती. एकदा मुलाने पुण्यातून मोटर सुरू केली आणि नंतर घरातील इंटरनेट गेल्यामुळे बंद करण्याची आज्ञा पोहोचलीच नाही. टाकी भरून वाहत राहिली आणि माडीच्या एका भिंतीत ओल उतरली. हौद रिकामा होऊन मोटर कोरडी चालली असती, तर नुकसान याहून मोठे झाले असते. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. लहान प्लगमधील रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचे, संपर्क अशा वेळी एकमेकांना चिकटून बसू शकतात, आणि मग बंद करण्याची आज्ञा पोहोचूनही मोटर बंद होत नाही.

कॅमेऱ्यांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

कोणते पर्याय समोर होते

आजोबांचे मत स्पष्ट होते : सगळे काढून टाका आणि पूर्वीसारखे करा. हा पर्याय मी गंभीरपणे घेतला, कारण घरात राहणारे ते होते. परंतु रात्री उठण्याची आणि जिन्याची अडचण खरी होती, आणि ती "पूर्वीसारखे" केल्याने सुटणार नव्हती.

मुलाला याच्या अगदी उलट, सगळ्या भिंतींवरची बटणे काढून काचेची टच पॅनेल बसवायची होती. ती दिसायला देखणी असतात. पण काचेवर बोट फिरवताना कोणते बटण कुठे आहे ते अंधारात हाताला कळत नाही, ओल्या किंवा थरथरत्या बोटाला ती नीट दाद देत नाहीत, आणि एक पॅनेल बिघडले की खोलीतील सगळे दिवे-पंखे एकदम अडतात. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांच्या घरात हा पर्याय मला मान्य नव्हता, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. संपूर्ण घराची नव्याने वायरिंग करून वायरवर चालणारी नियंत्रण व्यवस्था बसवणे हा तांत्रिकदृष्ट्या भक्कम मार्ग होता, पण दगडी भिंती फोडण्याचा खर्च आणि त्रास पाहता तो लगेच बाजूला पडला.

उरला तो मधला मार्ग. आहे ते बटण जागेवरच ठेवायचे, त्याच्या मागे बोर्डात छोटे रिले मॉड्यूल बसवायचे, आणि बटण दाबूनही दिवा लागेल व फोनवरूनही लागेल अशी जोडणी करायची. नेटवर्क पूर्ण बंद असले तरी बटण चाललेच पाहिजे, ही अट त्यातच आली. मॉड्यूल वाय-फायचे घ्यावे की झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचे, यावर बरीच चर्चा झाली. वाय-फायला वेगळा हब (उपकरणांना जोडणारे मध्यवर्ती यंत्र) लागत नाही, हे मुलाचे म्हणणे बरोबर होते. झिग्बीच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. विजेवर चालणारे प्रत्येक झिग्बी मॉड्यूल पुढच्या मॉड्यूलला संदेश पोहोचवते, त्यामुळे जाड भिंतींच्या घरात एकेका खोलीतून जाळे पुढे सरकत जाते. शिवाय निवडलेल्या हबचे नियम घरातल्या घरात चालत होते. त्यासाठी बाहेरच्या सर्व्हरची गरज नव्हती. या दुसऱ्या मुद्द्याला मी अधिक वजन दिले. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले आणि त्यांवर विसंबलेल्या घरांतील व्यवस्था एका रात्रीत पांगळ्या झाल्या, हे उदाहरण मी मुलापुढे ठेवले.

होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली छोट्या संगणकावर घरातच चालवण्याचाही विचार झाला. ती माझ्या आवडीची आहे आणि तिच्याइतके स्वातंत्र्य दुसरीकडे क्वचितच मिळते. पण तिची देखभाल करणारा माणूस पुण्यात आणि घर साताऱ्यात, अशा स्थितीत ती घेणे योग्य नव्हते.

न्यूट्रलचा प्रश्न

रिले मॉड्यूलला स्वतः चालण्यासाठी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) दोन्ही लागतात. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये मात्र बटणापर्यंत फक्त फेज येतो आणि तिथून दिव्याकडे जातो. न्यूट्रल परस्पर दिव्यापाशी गेलेला असतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल सापडतो, पण पलंगाजवळच्या आणि जिन्याच्या बोर्डांत तो बहुधा नसतो. या घरातही तसेच होते.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात. ती बंद असतानाही दिव्यातूनच थोडासा प्रवाह खेचत राहतात, त्यामुळे एलईडी दिवा बंद असूनही मंद तेवतो किंवा लुकलुकतो आणि त्यावर उपाय म्हणून दिव्याच्या समांतर एक कपॅसिटर जोडावा लागतो. शिवाय अशी झिग्बी मॉड्यूल सहसा पुढे संदेश पोहोचवत नाहीत, म्हणजे जाळे जिथे बळकट हवे तिथेच ते तुटणार होते.

स्थानिक वायरमनने सुरुवातीला अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरावी असे सुचवले. "सगळीकडे असंच करतात," असे तो म्हणाला. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. अर्थिंग फक्त बिघाडाच्या वेळी प्रवाह वाहून नेण्यासाठी आहे, आणि ती तार पुढे कुठे तुटली तर तिला जोडलेल्या उपकरणांच्या धातूच्या बाहेरील भागावर वीज उतरू शकते. मी नकार दिला. तेव्हा त्याने, मी तिथे नसताना, माडीवरच्या तीन मॉड्यूलना खालच्या मजल्याच्या जवळच्या सॉकेटमधून न्यूट्रल दिला. दिवे लागले, बटणे चालली, सगळे ठीक दिसले.

काही दिवसांनी आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडू लागली. ती रोज पडत नसे, तिची ठरावीक वेळही नव्हती, पण पावसाची झड असली की जास्त पडे. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते, आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ ते ३० च्या दरम्यान केव्हाही वीज तोडावी अशी तिची रचना असते. या घरात खालच्या आणि वरच्या मजल्यासाठी दोन स्वतंत्र आरसीसीबी होत्या. मॉड्यूलचा फेज वरच्या आरसीसीबीतून जात होता आणि न्यूट्रल खालच्या आरसीसीबीतून परतत होता. दिव्याचा स्वतःचा न्यूट्रल मूळच्याच जागी असल्यामुळे चुकीच्या मार्गाने परतणारा प्रवाह फक्त मॉड्यूलच्या खर्चाएवढा, म्हणजे काही मिलिअँपिअरचा होता. एकट्याने तो आरसीसीबी पाडण्याइतका नव्हता, परंतु तीन मॉड्यूलचा मिळून आणि त्यात पावसाळी ओलाव्याने होणारी नेहमीची थोडी गळती धरून तो मर्यादा गाठत होता. दोष लगेच न दिसता अधूनमधून डोके वर काढत होता तो यामुळे. याहून गंभीर बाब अशी की, दुरुस्तीसाठी खालच्या मजल्याची वीज तोडून ती न्यूट्रलची तार सुटी केली असती, तर वरून आलेली वीज मॉड्यूलमार्गे तिच्यात उतरली असती आणि काम करणाऱ्याला धक्का बसला असता.

उपाय साधा निघाला, आणि तो जुन्या वायरिंगमुळेच सोपा झाला. माडीवरची वायरिंग भिंतीच्या आत पुरलेली नव्हती, केसिंग-कॅपिंगची होती. कॅपिंगच्या पट्ट्या उघडून वरच्याच मजल्याच्या न्यूट्रल पट्टीपासून एक नवी तार त्या-त्या बोर्डापर्यंत नेली. भिंतीला छिन्नी लावावी लागली नाही. लाकडी बोर्ड खोल असल्यामुळे मॉड्यूलही आत सहज बसले. खालच्या एका खोलीत अलीकडेच मॉड्युलर प्लेट आणि उथळ कन्सील्ड डबी बसवलेली होती. तिथे मात्र तारा दाबून कोंबाव्या लागल्या असत्या, म्हणून ती खोली आम्ही तशीच सोडली.

पुढे काय केले

गिझर प्लगवरून काढला. त्याची जोडणी डीबीमध्ये, म्हणजे वीजवाटपाच्या मुख्य पेटीत, २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरमार्फत (मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) केली, मॉड्यूल फक्त त्या कॉन्टॅक्टरला आज्ञा देते, आणि ठरावीक वेळानंतर गिझर बंद होईल असा नियम हबमध्ये घातला. जळालेले सॉकेट बदलले. मोटरसाठी इंटरनेटचा संबंधच तोडला : हौदात आणि टाकीत पाण्याची पातळी ओळखणारे सेन्सर, त्यांवर चालणारा साधा लेव्हल कंट्रोलर आणि कोरड्या चालण्यापासून संरक्षण. मुलाला मोटर फोनवर दिसत नाही, याची त्याला थोडी हुरहुर वाटली. पण टाकी भरली की मोटर बंद होणे हे काम पुण्यातून करण्याची गरजच उरली नाही.

राउटर आणि हब इन्व्हर्टरवर घेतले. दोन्ही मिळून साधारण १५ वॉट खातात, आणि १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री सुमारे १.८ युनिट वीज मावते हे पाहता तो भार नगण्य आहे. वाय-फाय आणि झिग्बी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच असल्यामुळे राउटर चॅनेल १ वर आणि झिग्बी चॅनेल २५ वर ठेवले, जेणेकरून एकाचा दुसऱ्याला अडथळा होऊ नये.

पंख्यांना मॉड्यूल लावण्याचा बेत रद्द केला. साध्या रिलेने पंखा फक्त चालू-बंद होतो, वेग बदलत नाही, आणि आजोबांना पहाटे गार वाटू लागले की वेगच कमी करायचा असतो. त्याऐवजी झोपण्याच्या खोलीत रिमोटवर चालणारा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा घेतला. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खात असे. हा पूर्ण वेगाने ३० वॉटच्या आसपास खातो.

पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हालचाल ओळखून लागणारे मंद पिवळे दिवे बसवले आणि ते इन्व्हर्टरवर घेतले. ते हबला जोडलेले नाहीत, फोनला जोडलेले नाहीत, त्यांना ॲपही नाही. या संपूर्ण कामात सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू हीच.

कॅमेऱ्याचा निर्णय

एक कॅमेरा दारावर होता आणि दुसरा दिवाणखान्यात. दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याविषयी आजी मुलाशी कधी थेट बोलल्या नव्हत्या, पण त्या त्याच्यावर दुपारी टॉवेल टाकून ठेवत. मुलाला वाटे की कॅमेरा बिघडला. मी दोघांना समोरासमोर बसवून हा विषय काढला तेव्हा आजी म्हणाल्या की, घरात कसे बसावे, काय बोलावे याचा त्यांना सतत विचार करावा लागतो. मुलाची काळजीही खोटी नव्हती. आजोबा एकदा मोरीत घसरून पडले होते.

घरातला कॅमेरा काढायचा हा निर्णय त्याच बैठकीत झाला. आजोबांच्या मनगटावर आणि आजींच्या पलंगाजवळ तातडीचे बटण दिले, जे दाबताच घरात घंटा वाजते आणि मुलाच्या व शेजारच्या कुटुंबाच्या फोनवर सूचना जाते. दारावरचा कॅमेरा राहिला, मात्र त्याचा कोन बदलून समोरच्या घराचे अंगण चित्रातून वगळले. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही तोवर बदललेला नव्हता. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते अशाच न बदललेल्या पासवर्डच्या आधारे.

याच वेळी आणखी एक गोष्ट उघड झाली. सुरुवातीची काही उपकरणे ज्याने बसवून दिली त्याने ती स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरच्या खात्यात नोंदवली होती आणि मुलाला फक्त पाहुणा म्हणून जोडले होते. म्हणजे दारावरच्या कॅमेऱ्याचा मालक, तांत्रिकदृष्ट्या, तो तंत्रज्ञ होता. सगळी उपकरणे मुळापासून पुसून कुटुंबाच्या खात्यावर पुन्हा नोंदवली.

फलित

वर्षभरानंतर मी घर पुन्हा पाहिले. बटणांवरच्या चिकटपट्ट्या गेल्या आहेत. आजी जिन्याचा आणि माडीचा दिवा खालूनच, दारापाशी चिकटवलेल्या बिनतारी बटणाने मालवतात. आरसीसीबी न्यूट्रलची नवी तार टाकल्यापासून विनाकारण पडलेली नाही. आजोबा वाटेवरच्या दिव्यांवर समाधानी आहेत आणि बाकी कशातच त्यांना रस नाही.

सगळेच साधले असे नाही. स्पीकर वापरात नाही. त्यावर मराठीची सोय नव्हती, आणि "माडी", "पडवी" अशी दिव्यांना दिलेली नावे हिंदीच्या सेटिंगमध्ये त्याला धड कळत नसत. दारापाशी चिकटवलेल्या बटणाचा नाणेवजा सेल एकदा संपला आणि तो बदलायला मुलगा येईपर्यंत आजींना पुन्हा जिना चढावा लागला. आता सेलची जोडी डीबीच्या झाकणाआड ठेवलेली असते. विजेच्या खर्चाबाबत मी कुटुंबाला आधीच सांगितले होते की, अशी २० उपकरणे प्रत्येकी एक वॉट जरी खात बसली तरी महिन्याला १४-१५ युनिट होतात. त्यामुळे बचतीचा दावा या व्यवस्थेने करू नये.

काय वेगळे करता आले असते

खरेदीपूर्वी प्रत्येक बोर्ड उघडून कुठे न्यूट्रल आहे, कोणती तार कोणत्या आरसीसीबीवर आहे आणि डबी किती खोल आहे याचा एक कागद केला असता, तर निम्मी खरेदी झालीच नसती. हा कागद आता आहे. वायरमनला "अर्थ वापरू नका" एवढेच सांगणे पुरेसे नव्हते. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा आणि का हवा, हे काम सुरू होण्याआधी त्याच्याबरोबर उभे राहून दाखवायला हवे होते, कारण पुढे कारण समजल्यावर त्याने तारा अतिशय नीट टाकल्या. आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळे घर एकदम बदलण्याऐवजी एक खोली करून तिथे एक पावसाळा जाऊ द्यायला हवा होता.

मुख्य दाराला स्मार्ट कुलूप बसवावे की नाही, हा प्रश्न अजून खुला आहे. मुलाची इच्छा आहे, कारण अडीअडचणीला शेजाऱ्यांना पुण्यातून दार उघडून देता येईल. मात्र सागवानी दार पावसाळ्यात फुगते आणि आजही खांदा लावल्याशिवाय त्याची कडी सरकत नाही. अशा दारात मोटरवर सरकणारा बोल्ट अडकणार. आधी सुताराकडून दार रंधून, त्याच्या बिजागऱ्या सरळ करून घ्यायच्या, पुढच्या पावसाळ्यात ते कसे बसते ते पाहायचे, आणि कुलूप घेतलेच तर बाहेरून साध्या किल्लीने उघडणारेच घ्यायचे, एवढे सध्या ठरले आहे.